प्रार्थनेला बसायचं म्हटलं की भांडण: नीतिसूत्रे घरात आणायची कशी?

सातपूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात नवरा-बायको, आठवीतला मुलगा, चौथीतली मुलगी आणि सासूबाई. नवऱ्याची अंबडच्या कंपनीत तीन पाळ्यांची नोकरी, ताई एका दवाखान्यात रिसेप्शनवर. रात्री आठला कौटुंबिक प्रार्थना झालीच पाहिजे, हा सासूबाईंचा आग्रह. नवीन वर्षाच्या उपासनेहून आल्यावर सगळ्यांनी ठरवलं, रोज बायबलमधल्या 'नीतिसूत्रे' या पुस्तकाचा एक अध्याय वाचायचा. आठवडाभरात ते बंद पडलं. मुलगा मोबाईल खाली ठेवत नाही, ठेवला तर तोंड फुगवून बसतो. सासूबाई "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणतात आणि छडीचं वचन काढून दाखवतात. नवरा एक तर कामावर, नाहीतर झोपलेला. ताई लिहितात, "प्रार्थना संपली की सगळे आपापल्या कोपऱ्यात जातात आणि खरं सांगू, मलाही सुटल्यासारखं वाटतं. वेळ कुठून काढायचा? बायबलमधलं शहाणपण रोजच्या जगण्यात आणायचं म्हणजे नेमकं करायचं काय? आणि मुलाला कोणतं बायबल द्यायचं?"

ताई, मी नाशिकमध्ये बरीच वर्षं शब्बाथ शाळा, म्हणजे मंडळीतला मुलांचा बायबलचा वर्ग, घेते, मंडळीतल्या आणि मंडळीबाहेरच्या कुटुंबांबरोबर समुपदेशनाचं कामही करते. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते ते सुटल्यासारखं वाटणं. प्रार्थना संपल्यावर सगळ्या घराला हायसं वाटत असेल, तर रोज आणखी अर्धा तास मिळूनही काही बदलणार नाही. आधी त्या दहा-पंधरा मिनिटांत काय चाललंय ते बघू, वेळेचं मग बोलू.

रोजचा अध्याय तूर्त थांबवा. सासूबाईंना हे रुचणार नाही, त्यांच्याकडे पुढे येतेच. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय आणि महिन्याचे ३१ दिवस हा हिशोब सोयीचा आहे खरा, आणि एकट्या मोठ्या माणसाने सकाळच्या चहाबरोबर वाचायला तो चांगलाच. पण दहाव्या अध्यायापासून पुढे हे पुस्तक कसं रचलंय बघा. एका वचनात आळशी माणूस, दुसऱ्यात चहाडखोर, तिसऱ्यात खोटा तराजू, चौथ्यात राजाचा राग. एका बैठकीत तीसेक विषय. तेरा वर्षांच्या मुलाने त्यातलं काय धरायचं? तो कंटाळतो तेव्हा देवाच्या वचनाला कंटाळतो असं समजू नका, कुणीही कंटाळेल.

आठवड्याला एकच वचन घ्या. आणि पहिले दोन महिने मुलांना उद्देशून असलेलं एकही घेऊ नका. हे माझं सगळ्यात ठाम सांगणं आहे. आपल्या घरांमधून नीतिसूत्रे बहुतेक वेळा वरून खाली येतात. आईबाप मुलांना ऐकवतात, सासू सुनेला ऐकवते, नवरा बायकोला. सत्ताविसाव्या अध्यायात पावसाच्या दिवशी सतत गळणाऱ्या पाण्याशी भांडखोर बायकोची तुलना केली आहे. ते वचन तोंडपाठ असलेले पुरुष मला भरपूर भेटले. "ऐकून घेण्याआधी जो उत्तर देतो तो मूर्ख ठरतो" अशा अर्थाचं अठराव्या अध्यायातलं तेरावं वचन मात्र त्यातल्या कुणाला पाठ नसतं.

म्हणून सुरुवात त्या अठरा-तेरानेच करा. वचन कागदावर लिहून फ्रिजवर लावा आणि आठवडाभर घराचा एकच नियम ठेवा: समोरच्याचं बोलणं पूर्ण व्हायच्या आत कुणी उत्तर दिलं की कुणीही म्हणायचं, "अठरा-तेरा." चौथीतल्या मुलीनेही म्हणायचं, आणि आजीलाही म्हणायचं. आजी रागावणार नाही एवढं तिच्याकडून आधी कबूल करून घ्या, नाहीतर पहिल्याच संध्याकाळी खेळ संपेल. ज्या घरांत मी हे करायला सांगितलं तिथे सगळ्यात जास्त वेळा मोठी माणसंच सापडली. मुलांना त्याची फार गंमत वाटते. वचन वडिलांनाही लागू होतं हे त्यांना पहिल्यांदाच दिसत असतं.

त्यानंतर पंधराव्या अध्यायाचं पहिलं वचन घ्या: सौम्य उत्तराने राग शमतो, कठोर शब्दाने भडकतो. मग १७:१४, भांडणाची सुरुवात म्हणजे पाण्याला वाट फोडून देणं. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाघाटावर काय होतं हे नाशिकच्या मुलाला वेगळं समजावावं लागत नाही. आणि एक वचन ताई, खास तुमच्यासाठी, १४:४. बैल नसतील तिथे गव्हाणी स्वच्छ राहते, पण भरघोस पीक येतं ते बैलाच्या बळावर. दप्तरं, ओले टॉवेल आणि बेसिनमधली खरकटी भांडी बघून जीव वैतागला की हे आठवा. मुलांना हसवायचं असेल तर २७:१४ आहे: भल्या पहाटे उठून शेजाऱ्याला मोठमोठ्याने आशीर्वाद दिला तर तो शापच धरला जातो. नाईट करून आलेला बाप झोपलाय आणि स्वयंपाकघरात कुणी खड्या आवाजात भजन लावलंय, अशा घरात हे वचन फार उपयोगी पडतं. असलं काही बायबलमध्ये आहे यावर मुलांचा विश्वासच बसत नाही, आणि मग ती आपणहून आणखी शोधू लागतात.

वचनं कधी वापरायची याचंही शिक्षण त्या पुस्तकातच आहे. सव्विसाव्या अध्यायातलं चौथं वचन म्हणतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको. त्याला चिकटूनच पाचवं म्हणतं, दे. शब्बाथ शाळेतली हुशार मुलं ही विसंगती पकडतात आणि काही शिक्षक गडबडतात. गडबडायचं कारण नाही. दोन्ही खरी आहेत, कोणती वेळ कशाची हे आपण ओळखायचं. तेरा वर्षांच्या मुलाबरोबर राहताना तर रोजच ओळखावं लागतं. परीक्षेत मार्क कमी पडून आलेल्या मुलाला त्याच संध्याकाळी आळशाला मुंगीकडून शीक असं सांगणारं वचन ऐकवणं म्हणजे, २५:२० मध्ये म्हटल्याप्रमाणे, थंडीच्या दिवशी अंगावरचं पांघरूण काढून घेणं. मुंगी आठवडाभराने आली तरी चालेल.

आता वेळेचं. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञांविषयी मुलांशी कधी बोलायचं याच्या वेळा दिल्या आहेत: घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. यातली एकही वेळ मुद्दाम बाजूला काढलेली नाही. माणूस बसतो, चालतो, झोपतो, उठतो, ते चालू असतानाच बोलायचं आहे. तेव्हा तीन पाळ्यांच्या घरात आठच्या ठोक्याला सगळे एकत्र आणण्याचा हट्ट सोडा आणि पाळी बघून वेळ ठरवा.

फर्स्ट शिफ्टचा आठवडा सोपा आहे, रात्रीचं जेवण एकत्र होतं. घड्याळ बघू नका, ताटं मांडली की प्रार्थना, असं ठेवा. आठवड्याचं वचन एकदा म्हणायचं, प्रत्येकाने दिवसातली एक गोष्ट सांगायची, कवी ना. वा. टिळकांच्या एखाद्या गीताचं एक कडवं आणि प्रभूची प्रार्थना. दहा मिनिटांच्या वर जाऊ नका. स्तोत्र १२८ मध्ये घरातली बायको फलदायी द्राक्षवेलीसारखी आणि मुलं मेजाभोवती जैतुनाच्या रोपांसारखी म्हटली आहेत. तिथला आशीर्वाद जेवायला एकत्र बसण्याचा आहे, म्हणून ताटं मांडण्याची वेळ मला सगळ्यात योग्य वाटते. वरण-भात असला तरी चालतो. नीतिसूत्रांच्या पंधराव्या अध्यायात तर स्पष्टच आहे, द्वेषाच्या घरातल्या पोसलेल्या बैलाच्या मेजवानीपेक्षा प्रेमाच्या घरातली भाजीभाकरी बरी.

सेकंड शिफ्टला वडील दुपारी निघतात आणि येतात तेव्हा मुलं झोपलेली असतात. त्या आठवड्यात त्यांनी मुलाला शाळेत सोडायला जावं. बाईकवर मागे बसलेला मुलगा समोरासमोर बसलेल्या मुलापेक्षा कितीतरी मोकळा बोलतो, कारण बापाचे डोळे रस्त्यावर असतात. सिग्नलवर, त्र्यंबक रोडच्या गर्दीत, जे काय बोलणं होईल ते होऊ द्या. वचन सांगायची गरज नाही. वाटेने चालताना म्हणजे तरी दुसरं काय?

नाईटचा आठवडा मात्र जवळजवळ गेलाच असं धरून चाला. संध्याकाळचा चहा एकत्र झाला तरी पुष्कळ. आणि त्या माणसाला प्रार्थनेसाठी झोपेतून उठवू नका. पहाटे उठून, रात्री उशिरापर्यंत खपून कष्टाची भाकर खाणाऱ्यांना स्तोत्र १२७ काय सांगतं? देव आपल्या प्रियजनांना झोप देतो. रात्रभर मशीनवर उभा राहिलेल्याची सकाळची झोप ही त्यातलीच. मुलांनी घरात पाय न वाजवता वावरणं हीसुद्धा त्या आठवड्यात प्रार्थनाच समजा.

रविवारवर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण तिथे आपल्या ख्रिस्ती घरांचं फार चुकतं. सकाळी उपासना, मग महिला मंडळ किंवा तरुण संघ, मग घरी मटण, पाहुणे, आणि दुपारचे तीन वाजेपर्यंत बाई ओट्यापाशी. विसाव्याचा दिवस बाकी सगळ्यांना मिळतो. शब्बाथाची आज्ञा नीट वाचा. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, वेशीच्या आतला परका, सगळ्यांना विसावा आहे. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात कारणही दिलंय, दासदासींनाही तुझ्यासारखा विसावा मिळावा म्हणून. बैलाला सुट्टी आहे आणि घरातल्या बाईला नाही, असा अर्थ कोणत्याही पाळकसाहेबांना काढता येणार नाही. मार्था कामात गुंतलेली आणि बहीण मरीया येशूच्या पायाशी ऐकत बसलेली, ही गोष्ट आपण मार्थेला दोष देण्यासाठी सांगतो. त्या दिवशी मार्थेच्या मदतीला कुणीच उठलं नाही, इकडे कुणाचं लक्ष जात नाही.

करायचं असं: महिन्यातले निदान दोन रविवार घरात चूल पेटवायची नाही. आपण नाशिककर आहोत, रविवारी सकाळी मिसळ खाण्याला इथे कुणी नावं ठेवत नाही. दुपारी खिचडी, ती नवऱ्याने आणि मुलाने मिळून करायची. मटण हवंच असेल तर शनिवारी रात्री करा, सगळ्यांनी कांदे चिरून. पाहुण्यांना आधी सांगून ठेवा. पहिल्या दोन वेळा ते बोलतील, नंतर त्यांच्याही घरात हेच सुरू होतं, असं मी पाहिलंय.

मिळालेल्या दुपारी बाहेर पडा. बायबलमधलं शहाणपण बघून-बघून शिकलेलं आहे हे लक्षात घ्या. शलमोन राजा लबानोनातल्या गंधसरूपासून भिंतीतून उगवणाऱ्या एजोबापर्यंत झाडांविषयी, पशुपक्ष्यांविषयी, सरपटणाऱ्या प्राण्यांविषयी आणि मासळीविषयी बोलत असे, असं १ राजे ४ मध्ये आहे. नीतिसूत्रांच्या चोविसाव्या अध्यायाच्या शेवटी सांगणारा माणूस आळशाच्या द्राक्षमळ्याजवळून जातो, माजलेलं काटेरी रान आणि ढासळलेलं कुंपण पाहतो, आणि म्हणतो, मी पाहिलं, मनात विचार केला, शिकलो. आपल्या जिल्ह्यात हे वाचायला दिंडोरी-निफाडकडची द्राक्षबाग हवी. कुणी नातेवाईक किंवा ओळखीचा बागाईतदार असेल तर ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला मुलांना घेऊन जा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेल कशी उघडीबोडकी दिसते तेही दाखवा. कात्री हातात घेतलेल्या माणसालाच विचारू द्या, एवढी चांगली फांदी का कापली म्हणून. योहानाच्या पंधराव्या अध्यायातल्या द्राक्षवेलीच्या छाटणीवर मी शब्बाथ शाळेत जे बोलते त्याहून ते उत्तर चांगलं असतं. हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे, २०२० मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण. आकाशातल्या पाखरांकडे पाहा असं प्रभूने सांगितलंय, आपण ते बंद खोलीत फळ्यावर शिकवतो.

आता सासूबाई. त्यांचा आग्रह खोटा नाही, त्यांनी ज्या घरात दिवस काढले तिथे ती संध्याकाळची प्रार्थनाच बहुधा सगळ्यांना धरून होती. 'उपदेशक' या पुस्तकाच्या सातव्या अध्यायातलं दहावं वचन सांगतं, पूर्वीचे दिवस यापेक्षा बरे का होते असं विचारू नको, असं विचारणं शहाणपणाचं नव्हे. ते त्यांच्या तोंडावर मारू नका, ताई. मारलंत तर तुम्हीही वचनाची काठीच केली. त्यापेक्षा त्यांना काम द्या. अनुवादाच्या त्याच सहाव्या अध्यायात पुढे विसाव्या वचनात आहे की तुझा मुलगा तुला विचारील, या आज्ञांचा अर्थ काय? तेव्हा त्याला सांग, आम्ही मिसरात फारोचे दास होतो. बघा, मुलाने अर्थ विचारला आणि बापाने सुरुवात केली ती घराण्याच्या गोष्टीने.

सासूबाईंना आठवड्यातली एक संध्याकाळ द्या, गोष्टीची. त्यांच्या घरात हा विश्वास कुठून आला, कुणी घर सोडलं, कुणाला गावाने वाळीत टाकलं, शाळेत कोण शिकलं, पहिली नोकरी कशी लागली. नाशिकच्या मातीत अशा गोष्टी भरपूर आहेत. लक्ष्मीबाई टिळक इथल्याच, जलालपूरच्या. नवऱ्याने, म्हणजे त्याच कवी टिळकांनी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचं घर दुभंगलं, पुढे काही वर्षांनी पुन्हा जुळलं. एका घरात दोन श्रद्धा, माहेरचं दडपण, लहान मूल, ही सगळी ओढाताण त्यात आहे.

आणि मुलाला शरणपूर रोडवरून एकदा पायी न्या. रोज ज्या रस्त्याने तो क्लासला जातो तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनची वसाहत होती, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे राहून शिकत होती. त्यांतला एक जेकब वेनराइट. मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३ मध्ये आफ्रिकेच्या आतल्या भागात वारले, तेव्हा त्यांच्या सोबत्यांनी त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, आणि दफनाच्या प्रार्थना वाचल्या त्या या नाशिकमध्ये शिकलेल्या मुलाने. मग कित्येक महिने चालत त्यांनी देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. जेकब त्या देहाबरोबर इंग्लंडला गेला आणि एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीला खांदेकऱ्यांमध्ये होता. आठवीतला मुलगा ही गोष्ट ऐकताना मोबाईल बघत नाही, मी करून पाहिलंय. विश्वासूपणावर एक शब्द न बोलता विश्वासूपणाचा धडा होतो.

छडीचं. नीतिसूत्रांत १३:२४ आणि २३:१३ ही मुलाला छडी लावायला सांगणारी वचनं आहेत, ती नाहीत असं म्हणता येणार नाही. पण त्याच पुस्तकातलं १७:१० कुणी काढून दाखवत नाही: शहाण्याच्या मनाला एक ताकीद जितकी लागते तितके शंभर फटके मूर्खाला लागत नाहीत. पौल कलस्सैकरांना लिहितो, बापांनो, मुलांना चिडवू नका, ती खिन्न होतील. हा मुलाच्या मनाचा विचार आहे, आणि तो करायला बापांना सांगितलंय. तेरा वर्षांच्या मुलाला मारून कुणी शहाणं केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मारलेली मुलं खोटं बोलायला शिकतात एवढं मात्र नक्की पाहिलंय. उलट टोकही वाईटच. दाविद राजाने आपल्या मुलाला, अदोनीयाला, "तू असं का केलंस?" एवढंही कधी विचारलं नाही, असं १ राजांच्या पहिल्याच अध्यायात आहे, आणि त्याचा शेवट राजवाड्यातल्या बंडात झाला. विचारायचं, हात उचलायचा नाही.

मोबाईलचा नियम मुलांपुरता करू नका. जेवायला बसताना सगळ्यांचे फोन एका टोपलीत, वडिलांचा कंपनीच्या ग्रुपचा फोनसुद्धा, आणि सासूबाईंची यूट्यूबवरची प्रवचनंसुद्धा.

आणि मुलगा प्रार्थनेत गप्प बसला तर बसू द्या, बोलण्याची सक्ती नको. लूकच्या दुसऱ्या अध्यायात येशू बारा वर्षांचा आहे. आईबाप एक दिवसाची वाट चालून गेले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पोरगा बरोबर नाही. सापडला तिसऱ्या दिवशी, मंदिरात गुरुजींमध्ये, ऐकत आणि प्रश्न विचारत. आई रागावली, त्याने उत्तर दिलं, ते त्यांना समजलं नाही, असं लूक सरळ लिहितो. मग तो त्यांच्याबरोबर घरी गेला. या वयाच्या मुलाचं उत्तर पवित्र कुटुंबातल्या आईबापांनाही समजलं नव्हतं, ताई. तुमच्या मुलाला मंडळीत असा एखादा मोठा माणूस मिळवून द्या की ज्याला तो काहीही विचारू शकेल. घराबाहेरचं माणूस असलेलं बरं. "देव आहे कशावरून" हा प्रश्न आईसमोर विचारायला मुलं घाबरतात.

पैशांविषयी मुलांसमोर बोला, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. नीतिसूत्रे जामीन राहण्याबद्दल पुन्हा पुन्हा सावध करतात. सहाव्या अध्यायात तर म्हटलंय, अडकला असशील तर डोळ्याला डोळा लागू देऊ नको, जाऊन सुटका करून घे. बाविसाव्यात आहे, फेडायला जवळ काही नसेल तर अंगाखालचं अंथरूणही नेतील. पतसंस्थेच्या कर्जाला मित्राखातर सही देऊन बसलेली कुटुंबं माझ्याकडे येतात, आणि बायकोला त्या सहीची माहिती नोटीस आल्यावर होते. दर महिन्याला पगार झाला की एक संध्याकाळ हिशोबाची ठेवा. मुलांना आकडे कळू द्या, फी किती, गॅस किती, मंडळीला द्यायचा दशांश किती. आगूराची तिसाव्या अध्यायातली प्रार्थना त्या दिवशी म्हणा: मला दारिद्र्य नको, श्रीमंतीही नको, माझ्या वाट्याचं अन्न दे.

नवरा सुट्टीच्या दिवशीही मंडळीच्या कमिटीत आणि निवडणुकांत अडकलेला असेल तर मार्काचा सातवा अध्याय दोघांनी मिळून वाचा. देवाला अर्पण केलं म्हणून आईबापांना काही न देणाऱ्यांना प्रभू काय म्हणतो ते तिथे आहे. मुलांच्या वाट्याचा वेळ देवाच्या नावावर खर्ची घालणंही त्याच जातीचं आहे, असं माझं मत. पाळकसाहेबांना ते आवडेल न आवडेल.

काही गोष्टींना मात्र वचन आणि एकत्र जेवण पुरत नाही. घरात मारहाण असेल, दारू असेल (नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायातलं दारुड्याचं वर्णन इतकं अचूक आहे की पिणारी माणसं ते ऐकून मान खाली घालतात, पण तेवढ्याने सुटत नाहीत), किंवा मुलगा नुसता रुसलेला नसून झोप, खाणं, मित्र सगळंच टाकून बसला असेल, तर डॉक्टरांकडे जा. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी १०९८. यात अविश्वास काही नाही. तुमच्या पत्रावरून तुमच्याकडे तशी परिस्थिती दिसत नाही, तरी हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे असेल.

शेवटचा प्रश्न, बायबल कोणतं. सासूबाईंचं जुनं, जाड, पानं पिवळी पडलेलं तसंच राहू द्या, आणि गोष्टीच्या संध्याकाळी त्यातूनच वाचायला सांगा. मुलाच्या हातात आजच्या सोप्या मराठीतलं भाषांतर द्या. सासूबाई म्हणतील, हे खरं शास्त्र नव्हे. त्यांना पंडिता रमाबाईंचं सांगा. साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल सोप्या मराठीत उतरवलं, १९२२ मध्ये त्या वारल्या तोवर त्याच कामात होत्या. मुलगा इंग्रजी शाळेत असला आणि त्याला इंग्रजीत वाचणं सोपं जात असेल तर इंग्रजी द्या, आणि आठवड्याचं वचन आजीला मराठीत सांगायचं काम त्याच्याकडे. अडला तर आजी सुधारेल. सुधारताना तिने त्याचं वाक्य मात्र पूर्ण होऊ द्यायचं. अठरा-तेरा.